व्याघ्रबाळाच्या दाढा

‘टक्’ असा आवाज झाला आणि मांडवातल्या झाडून सगळ्या माणसांनी श्वास रोखला.

समोर चौरंग होता. चौरंगावर लाल मखमल, मखमलीवर पितळेची बैठक आणि बैठकीवर एक कवटी. मोठ्या पायरी आंब्याएवढी असेल. कपाळाला शेंदूर फासलेला, मान नव्हती तरी झेंडूची माळ घातलेली. आताच तिचा जबडा मिटला होता आणि पुढं धरलेलं बेलाचं पान तिनं दातांत पकडलं होतं.

“धरलं!” चौरंगामागं बसलेले मुरारीबुवा ओरडले. “व्याघ्रबाळानं पान धरलं! बिरवाडीचे पाव्हणे, तुमचा काम झाला समजा. फुल गॅरंटी!”

बिरवाडीचे पाहुणे म्हणजे औद्योगिक वसाहतीतला एक तरुण कामगार. रात्रपाळी संपवून, डोळ्यांवरची झोप तशीच घेऊन तो मोटारसायकलवरून थेट पोलादपूरच्या पुढं, उमरठच्या वाटेवरच्या आंबेकोंडात आला होता. कंपनीत आपण कायम होणार का, एवढंच त्याला विचारायचं होतं. जे त्याच्या मॅनेजरला ठाऊक नव्हतं ते कवटीनं सांगून टाकलं. तो पाया पडला, ताटात नोट ठेवली आणि समाधानानं झोपायला परत गेला.

कवटीचं चरित्र बुवा दर बैठकीला सांगत. मुंबईत बरीच वर्षं काढून ते गावी परतले होते आणि मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषा एकाच पातेल्यात कालवत.

“देखो भाई, सायन्स जिथं एंड होतो ना, तिथनं व्याघ्रबाळ स्टार्ट होतात! वाघिणीच्या पोटी जल्मले, पण मांसाला कधी शिवले नाय. आईचा दूध आणि बेलाचा पान, बस्स! दुधाच्या दातांवर होते तेव्हाच समाधी घेतली. आणि समाधी घेताना शबूद दिला, की देह जाईल, पण भक्तासाठी जबडा सोडणार नाय! अरे, मेल्यावर जबडा कुणाचा टिकतो काय? सांगा, टिकतो काय?”

या प्रश्नाला आंबेकोंडात उत्तर नव्हतं आणि बुवांचं सगळं दुकान त्याच प्रश्नावर उभं होतं. ही शेतकरी माणसं. हाडं त्यांनी जन्मभर पाहिलेली. बकऱ्याची मुंडी शिजली की खालचा जबडा आपोआप सुटून येतो. माळावर बैलाचा सांगाडा पडला असेल तर कवटी एकीकडं आणि जबडा चार हातांवर. कुत्र्याचं तेच, रानडुकराचं तेच. शहरातला माणूस म्हणाला असता, असेल एखाद्याचा टिकत, आपल्याला काय कळतं! यांना मात्र कळत होतं. त्यामुळं ज्यांना हाडांतलं काही समजत नव्हतं ते नुसते चकित झाले आणि ज्यांना समजत होतं ते भक्त झाले.

देव जबड्याचा, म्हणून आजारही जबड्याचे. दाढदुखी, दात किडणं, गाल सुजणं यांवर बुवांचा हातखंडा. उपचार एकच. गालाला शेंदूर लावायचा, गळ्यात काळा दोरा बांधायचा आणि पौर्णिमेपर्यंत तोंडात लोखंड जाऊ द्यायचं नाही. लोखंड म्हणजे दातांच्या डॉक्टरची हत्यारं. डॉक्टरच्या गोळ्याही त्यातच धरलेल्या.

मांडवाच्या टोकाला चपला हातात घेऊन उभी असलेली डॉक्टर अस्मिता पोतनीस हे ऐकत होती आणि तिच्या कानांच्या पाळ्या लाल होत होत्या. महाडात तिचा दातांचा दवाखाना. ती इथं देव बघायला आली नव्हती. ती राजनंदिनीला बघायला आली होती.

राजनंदिनी चौथीत होती. आईबाप दोघंही वसाहतीत पाळीवर, बिरवाडीत भाड्याच्या खोलीत. पोर आंबेकोंडात आजा-आजीजवळ. खालची दाढ किडून मुळाशी पू झाला होता. आजी बनुबाई तिला दवाखान्यात घेऊन आली तेव्हा अस्मितानं गोळ्या सुरू केल्या आणि सकाळी या, दाढ काढून पू वाहून देऊ, असं बजावलं. सकाळी कुणी आलं नाही. आजोबा महिपतींनी गोळ्या काढून घेतल्या होत्या आणि नातीला व्याघ्रबाळाच्या पायांशी घातलं होतं. बनुबाईनं शेजारणीच्या फोनवरून हळूच कळवलं, “बाय, पोर आता आ पण करी नाय. तुमी या.”

पोर पहिल्या रांगेत आजोबांना टेकून बसली होती. डावा गाल लिंबाएवढा सुजलेला, त्यावर शेंदूर. अस्मितानं जवळ जाऊन जबड्याखाली बोटं लावली. सूज कडक होती आणि खाली सरकत होती. ती जिभेखाली उतरली तर पोरीचा श्वास कोंडणार होता.

“महिपतीकाका, हिला आत्ता माझ्याबरोबर चला घेऊन. पौर्णिमेपर्यंत थांबण्यासारखं नाही हे.”

महिपती चांगला माणूस. भाताची शेती, दारात बैलजोडी, आणि बैल पारखण्यात पंचक्रोशीत नाव. अडाणी तर मुळीच नाहीत. त्यांनी हात जोडले. “बाय, तुमी शिकलेल्या, तुमचा मान हाय. पण मी डोळ्यांनी बघतोय ना! मेलेला जबडा चालतो. माझे हयातीत असा हाड बघितला नाय. जो मेल्यावर जबडा चालवी, तो जित्या पोरीचा बरा करणार नाय?”

आता इथं अस्मिता चुकली. तिनं शांतपणे बसून विचार करायला हवा होता. त्याऐवजी ती भडकली आणि म्हणाली, “तार आहे त्या सांध्यात! नाहीतर डिंक. द्या ती कवटी माझ्याकडं.”

बुवा हसले. त्यांना हेच हवं होतं. मखमल सारखी केल्याचं निमित्त करून त्यांनी खाली वाकून काहीतरी केलं आणि कवटी दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरली. “घ्या डॉक्टरीणबाई. टायम घ्या. ओपन चॅलेंज हाय!”

अस्मितानं सांधा पाहिला. नखानं खरवडला. तार नाही. डिंक नाही. जबडा उघडत होता, मिटत होता. तिनं तो ओढला. निघेना. वळवला. निघेना. दोन्ही अंगठे लावून, ओठ दाबून जोर केला, तरी तो जागचा हलेना. समोर सात-आठ मोबाइल वर झाले होते.

“बोला, व्याघ्रबाळ महाराज की...!”

‘जय’ इतक्या जोरात झाला की सहाणेच्या, पालखी टेकवायच्या ओट्याच्या, पिंपळावरचे कावळे उडाले. महिपतींनी डोळे मिटून हात जोडले आणि नातीला आणखी जवळ ओढलं.

संध्याकाळपर्यंत ती चित्रफीत महाडभर झाली होती. ‘डॉक्टरीण हरली, देव जिंकला’ असं वर लिहिलेलं आणि मागं ढोल-ताशा. कवळी बसवायला आलेले एक पेन्शनर आजोबा खुर्चीत आडवे होत म्हणाले, “डॉक्टर, माझी पण अशीच पक्की बसवा हो. त्या वाघासारखी.” अस्मिता हसली, पण मनातून ती रडकुंडीला आली होती. हसं झाल्याचं तिला फार नव्हतं. तिला तो सांधा सोडवता आला नाही हे बघून महिपतींची खात्री दुणावली होती, आणि पोरीची एक रात्र तिच्या चुकीनं वाया जाणार होती, हे तिला खात होतं.

शेवटचा पेशंट गेल्यावर तिनं फडताळ उघडलं. मुलांना दात दाखवायला म्हणून तिनं कवट्या जमवल्या होत्या. बकरा, डुक्कर, रेडकू, कुत्रा. खाटकाकडून मुंड्या आणून घरच्याच पातेल्यात उकळल्यामुळं सासूबाईंनी तिला स्वयंपाकघरातून एकदा हद्दपारही केलं होतं. प्रत्येक कवटीचा जबडा रबरानं बांधलेला. रबर काढलं की जबडा टेबलावर.

ती हातात घेऊन एकेक हलवत बसली. बकऱ्याचा जबडा आडवा सरकतो. सरकलाच पाहिजे, नाहीतर रवंथ कसं करणार? माणसाचा पुढं येतो, मागं जातो, बाजूला वळतो. म्हणूनच तर तो जांभई देताना कधीकधी निसटतो. सांध्याची खोबण उथळ असते आणि जबडा तिथं टिकतो तो स्नायूंच्या आणि दोरखंडांसारख्या बंधांच्या जोरावर. ते कुजले की जबडा पडला.

आणि तो मांडवातला? तिच्या अंगठ्यांना अजून आठवत होतं. तो वर-खाली होत होता, पण बाजूला केसभरही सरकत नव्हता. दाराच्या बिजागरीसारखा. “अगं बाई,” ती मोठ्यानं म्हणाली, “मी तार शोधत बसले. हाडाकडं बघितलंच नाही मी.”

सकाळी कॉलेज उघडायच्या आधी ती दारात हजर होती. प्राणिशास्त्राच्या कालिंदीबाई तिच्या जुन्या शिक्षिका. उंच, सडसडीत, आणि चुकीचं उत्तर ऐकलं की चष्मा काढून पुसणाऱ्या. त्यांनी मोबाइलवर ती चित्रफीत पाहिली. चष्मा काढून पुसला.

“सांधा खरवडतेस काय वेड्यासारखी? दाढा मोजल्यास?”

“नाही बाई.”

“दातांची डॉक्टर ना तू?” असं म्हणत त्यांनी काचेच्या कपाटाचं कुलूप काढलं आणि मागच्या रांगेतून एक पिवळट कवटी बाहेर काढली. “हं. काढ हिचा जबडा.”

अस्मितानं ओढला. निघेना. तिला इतका आनंद झाला की ती बाईंना मिठीच मारणार होती.

“पाणमांजर,” कालिंदीबाई म्हणाल्या. “आपल्या सावित्रीतलं. आता दिसतात कमी, पूर्वी डोहाडोहाला असायची. निसरडा मासा धरायचा, तो फडफडतो, झटके देतो. जबडा निसटून चालेल का? म्हणून हाडाची खोबणच पुढून-मागून अशी वळलेली असते की आतला आडवा दांडा धरून ठेवते. जनावर जसं म्हातारं होतं तशी पकड आणखी घट्ट. मांस गेलं, कातडं गेलं, तरी जबडा तिथंच. दरवर्षी परीक्षेत पोरं हा ओढतात आणि रडतात.” मग त्यांनी पांढरा प्लॅस्टरचा एक तुकडा पुढं केला. त्यात रुंद, बसकी, उखळीसारखी दाढ होती. “ही बघ याच्या लांबच्या नातलगाची. शिवालिकच्या डोंगरात दगड होऊन पडली होती, लाखो वर्षांपूर्वीची. शिंपले फोडून खायचा तो. अंगावरचे केस राहिले नाहीत, शेपूट राहिली नाही, पण काय खात होता ते दाढेनं सांगितलं. माणूस खोटं बोलतो गं. दाढ नाही बोलत.”

“बाई, ही कवटी मला द्याल?”

“मुळीच नाही. संरक्षित प्राणी आहे. कॉलेजच्या नावावर नोंद आहे म्हणून इथं आहे. मीच येते.” आणि बाईंनी पदर खोचला. वाटेत त्यांनी वनखात्यातल्या आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोनही केला.

आंबेकोंडात आदल्या दिवशीपेक्षा गर्दी दुप्पट होती. डॉक्टरीण पुन्हा आलेली पाहून मोबाइल आपोआप वर झाले. राजनंदिनी आता बसत नव्हती; आजीच्या मांडीवर आडवी होती आणि अंगात ताप होता. अस्मिताला तिला उचलून गाडीत घालून पळावंसं वाटलं. पण महिपतींचा हात पोरीच्या खांद्यावर घट्ट होता. तो हात आधी सोडवायला हवा होता, आणि तो ओढून सुटणारा नव्हता. ओढून काय होतं ते काल तिनं पाहिलंच होतं.

ती बुवांसमोर वाकली. “काल चुकले. जबडा निघत नाही, मान्य. आज फक्त मुखदर्शन घ्यायचंय. मी दातांची डॉक्टर, देवाचे दात एकदा नीट बघू द्या.”

बुवा सुखावले. “बघा, सायन्स आला शरण!” पुन्हा मखमल सारखी झाली, पुन्हा खाली हात गेला, पुन्हा कवटी पुढं आली.

अस्मितानं कपाळाला बांधायचा दिवा लावला, दात बघायचा छोटा आरसा काढला आणि देवाच्या तोंडात घातला. टाळूवर तिला एक बारीक गोल भोक दिसलं. कडा स्वच्छ, गिरमिटानं पाडावं तसं. काल हे तिला दिसलं नव्हतं. तिनं आरसा बाहेर काढला.

“महिपतीकाका,” तिनं हाक मारली, “तुम्ही बैल घेताना पहिलं काय बघता?”

“दात,” महिपती लगेच म्हणाले. असा प्रश्न विचारावा लागतो याचंच त्यांना नवल वाटलं. “तोंड उघडल्याबिगर बैलाचा दावा हातात घेत नाय. दलाल काय पण बोलंल. आदत असंल तर दुधाचे दात असतात. मग दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग जुळला, म्हंजे सगळे दात आले. म्हातारा असंल तर झिजून खुंट होतात. तिथं लबाडी नाय चालत.”

“मग याचं वय सांगा.” तिनं कवटी त्यांच्या पुढ्यात धरली. “हे काही गुरू नाही, दात वेगळे आहेत. पण नवं काय आणि झिजलेलं काय, ते तुम्हाला कळेल.”

महिपती बिचकले. देवाचं तोंड उघडायचं? पण चाळीस बाजार पालथे घातलेला पारखी माणूस. पुढं तोंड आल्यावर हात राहतो थोडाच! त्यांनी अंगठ्यानं ओठाची जागा मागं सारल्यासारखं केलं, दिव्याच्या उजेडात वाकून पाहिलं. सुळ्यावरून बोट फिरवलं. मागच्या दाढेवर नख घासलं. मग कवटी आडवी धरून पुन्हा पाहिलं. कपाळावर आठी पडली.

“काय आजोबा, आदत हाय ना?” मागून कुणीतरी विचारलं.

“गप रे.” महिपतींचा आवाज बदलला होता. “ह्यो बाळ? ह्याचा सुळा बघा, बोथाटला. ह्या बाजूचा तर तुटून घासलाय. दाढांचे कंगोरे सगळे गेले. दुधाचा एक दात नाय तोंडात.” त्यांनी बुवांकडं पाहिलं. “बुवा, तुमी बोललाव दुधाच्या दातांवर समाधी घेतली. ह्यो तर माझ्याहून म्हातारा हाय!”

मांडवात खसखस पिकली. बुवांनी हात वर केला. “लीला! त्यांची लीला हाय! बाळ वयानं, पण नॉलेजनं म्हातारे...”

“नॉलेज काय दाढेनं चावतात?” महिपती म्हणाले.

तेवढ्यात कालिंदीबाई पुढं झाल्या आणि त्यांनी पिशवीतून आपली कवटी काढून पहिल्या कवटीशेजारी ठेवली. एक शेंदरी, एक पिवळट. बाकी फरक नाही. “ही कॉलेजातली. सावित्रीच्या पाणमांजराची. हिचा जबडाही निघत नाही. कुणाला ओढायचा असेल त्यानं ओढा. हळूच, तोडू नका.”

मग जी झुंबड उडाली! रात्रपाळीवाले, चाकरमानी, शाळेचे मास्तर, सगळ्यांनी ओढून पाहिला. कुणाच्या हातून निघेना. अस्मितानं शेजारी बकऱ्याची कवटी ठेवली आणि दोन्हींच्या खोबणी दाखवल्या. इथं उथळ, इथं खोल; इथं जबडा नुसता टेकलेला, इथं हाडानं हाड धरलेलं. “तुमचं काही चुकलं नाही,” ती म्हणाली. “तुम्ही पाहिलेला प्रत्येक जबडा निखळतो, हे खरंच आहे. फक्त जगातली सगळी जनावरं तुमच्या गोठ्यात नाहीत. माझ्याही फडताळात नाहीत.”

“आणि वाघ?” एकानं विचारलं.

“वाघाच्या दाढा म्हणजे कात्र्या,” कालिंदीबाई म्हणाल्या. “दळायला जागाच नाही. बेलाचं पान तो चावणार कसा? आणि ही मागची रुंद दाढ बघा, मासे आणि खेकडे फोडायची. तुमचे हे शाकाहारी बाळ जन्मभर नदीत खेकडे खात होते.”

आता मात्र पहिल्या रांगेतल्या बायकाही पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. बुवांच्या कपाळावर घाम आला, पण ते कसलेले होते. दोन्ही कवट्यांवरून लोकांचे डोळे हलताच त्यांनी आपली कवटी ओढून बैठकीवर बसवली, मखमल सारखी केली आणि बेलाचं पान धरलं. “पाणमांजर बोलाव नायतर अजून काय बोलाव! तुमची कॉलेजवाली कवटी पान धरते काय? प्रश्नाचं उत्तर देते काय? बघा!”

टक्. पान दातांत.

हशा थांबला. कॉलेजची कवटी खरंच नुसती बसून होती. महिपती पुन्हा घुटमळले. अस्मितानं तोंड उघडलं, टाळूच्या भोकाचं सांगायला. पण तिच्या आधी बनुबाई उठली.

तिनं नातीला शेजारणीच्या मांडीवर दिलं, घरातून आणलेलं तांब्याचं ताम्हण आणि पाण्याचा तांब्या उचलला आणि चौरंगाला वळसा घालून थेट बुवांपुढं बसली. “बुवा, पाय द्या. धुते.”

“नको माय, पाद्यपूजा आपल्याला चालत नाय.”

“सगळ्या बुवांना चालते. तुमालाच कशी नाय चालत वो? आल्या दिवसापास्नं बघते, पाय सोन्यासारखे झाकून बसताव. पोर माझी तापानं फणफणली, आज मी पाय धुतल्याबिगर उठणार नाय.” आणि बुवा ‘अहो, अहो’ करेपर्यंत तिनं त्यांच्या पायांवर लोंबणारी मखमलीची कड वर फेकली.

उजव्या पायाच्या अंगठ्याला तंगूस बांधलेला होता. मासे धरायच्या गरीला लावतात तोच, बारीक, पारदर्शक. बनुबाईनं अंगठा धरून खाली ओढला. टक्. सोडला. कवटीनं आ केला. ओढला. टक्. मांडवातल्या कुणाला काही समजावून सांगायची गरज उरली नाही, तरी अस्मितानं सांगितलं. जबड्याला आतून अडकवलेला दोरा टाळूच्या भोकातून कवटीत, कवटीच्या मागच्या भोकातून चौरंगात आणि चौरंगातून अंगठ्याला. कवटी बघायला देताना वाकून गाठ सोडून दोरा ओढून घ्यायचा, परत घेताना पुन्हा ओवायचा. जबडा निसर्गानं टिकवला आणि बुवांनी चालवला.

“अवो,” बनुबाई नवऱ्याकडं वळली. अंगठा अजून तिच्या मुठीतच होता. “बघा तुमचा देव. म्हणाल तेवढ्या वेळा आ करील. माझे पोरीला तेवढा आ करता येईना.”

महिपतींनी नातीला उचललं आणि अनवाणी चालत अस्मिताच्या गाडीत जाऊन बसले. मागं मांडवात वनखात्याची जीप येऊन थांबली होती. पाणमांजर मारणं सोडाच, त्याची हाडं बाळगणंही गुन्हा आहे, असं बुवांना समजावून सांगण्यात येत होतं, आणि बुवा तीनही भाषांत आपल्याला ती कवटी नुसती नदीकाठी सापडल्याचं सांगत होते. काळ्या दोऱ्यांचं आणि गोळ्या बंद करायला लावल्याचं उत्तर त्यांना पोलिसांना द्यायचं होतं, ते वेगळंच.

सूज जिभेखाली उतरली नव्हती. अगदी थोडक्यात. अस्मितानं दाढ काढली, पू वाहून दिला, मुलांच्या डॉक्टरांना बोलावून इंजेक्शनं सुरू केली. दोन दिवसांनी राजनंदिनी खुर्चीत बसून भात खाऊन आल्याचं सांगत होती आणि आपली दाढ मागत होती. अस्मितानं ती डबीत घालून दिली.

महिपतींनी डबी उघडून खिडकीच्या उजेडात धरली. “ही दुधाची?”

“हो काका. हे खरं बाळ.”

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “बाय, बैलाचा दलाल मला जन्मात फसवू शकला नाय. का, तर मी तोंड बघतो. आणि पोरीचा जीव ज्याच्या हातात दिला, त्याचे दात काय मी बघितले नाय. देवाचे कसे बघायचे, असं वाटला.”

एवढंच आहे. महिपतींना नवी अक्कल कुणी दिली नाही. ती त्यांच्याजवळ होतीच. बैल घेताना ती ते बरोबर नेत आणि बुवाकडं जाताना गोठ्यात बांधून ठेवत. तुम्ही-आम्ही तरी वेगळं काय करतो? भाजी दाबून घेतो, कापड उजेडात धरून बघतो, मडकं वाजवून घेतो. आणि पोराबाळांचा जीव टांगणीला लागला की नेमकं त्याच वेळी डोळे मिटून हात जोडतो. नवल दिसलं तर जरूर थांबा, तोंडात बोट घाला, पण मग ते बोट काढून त्या नवलाच्या तोंडात घालून बघा. खरं असेल तर ते तपासल्यानं झिजत नाही. आणि अंगात ताप असेल तर आधी डॉक्टरकडं जा. नवल कुठं पळून जात नाही.

शिमग्याच्या सुमारास आंबेकोंडात आणखी एक महाराज आले. हे नारळातून फुलं काढत. लोक हळूहळू सहाणेजवळ जमले आणि महिपतींना वाट करून दिली. महिपती पुढं गेले, महाराजांसमोर उकिडवे बसले, अंगठा पुसला आणि अदबीनं म्हणाले,

“महाराज, राग नसावा. आमचे गावचा रिवाज हाय. आधी जरा आ करा.”